नर मगर आणि आमच्या अक्का

बंगळुरात येलहंक्याला खोली बघायला गेलो तेव्हा अक्कांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, काय खातो-पितो तेही विचारलं नाही. दार उघडून त्यांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिलं. एक भिंतीला धरून होती, दुसरी जरा तिरकी पडली होती.

"ती सरळ कर," अक्का म्हणाल्या.

मी सरळ केली.

"हं. आता आत ये."

एवढ्यावर मला वरची खोली मिळाली. पुढे अडीच वर्षं मी त्या घरात राहिलो आणि त्या अडीच वर्षांत माझ्या हातून काही म्हणजे काही तिरकं ठेवलं गेलं नाही. आता साताऱ्याला परत आलोय, तरी ताटातली चटणी वाटीच्या रेषेत नसली तर मला घास घेववत नाही. बायको हसते. तिने अक्कांना पाहिलेलं नाही.

अक्का तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. वडील मिरजेहून बंगळुरात सरकारी कारखान्यात नोकरीला आले, त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात पुढे अक्का लागल्या. विमानाच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं ट्रेसिंग कापडावर शाईने उतरवायची, हे काम. लागताना ट्रेसर, निवृत्त होताना सीनियर ड्राफ्ट्समन. "पगाराच्या कागदावर शेवटपर्यंत मीसुद्धा 'मन'च, म्हणजे पुरुषच," हे त्या अभिमानाने सांगायच्या. लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलंच तर म्हणायच्या, "ऑफिसात ओव्हरटाइम फार असायचा."

गल्लीतले कानडी, तेलुगू, मराठी सगळे त्यांना अक्काच म्हणत आणि थोडे घाबरूनही असत. समोरच्या बाईंच्या अंगणातली रांगोळी त्यांना खुपायची. एका सकाळी त्या पट्टी घेऊन तिथे गेल्या, उकिडव्या बसल्या, रांगोळीच्या आठ पाकळ्यांपैकी एक पुसली आणि पुन्हा काढली. ती बाई दारात उभी राहून बघत होती. अक्का तिला कानडीत एवढंच म्हणाल्या की तुझी सातवी पाकळी लठ्ठ झाली होती. नारळाच्या वड्या त्या सेट-स्क्वेअर लावून पाडायच्या. रिक्षावाल्याला "पुढच्या वळणावर" असं कधी सांगायच्या नाहीत, "अजून सत्तर मीटर" असं सांगायच्या, आणि तो पंचाहत्तरवर थांबला तर उतरायच्या नाहीत, मागे घ्यायला लावायच्या.

"माप घेतलंस का?" हा त्यांचा आवडता प्रश्न. मी भूक लागली म्हणालो, ताप आला म्हणालो, मैत्रीण चिडली म्हणालो, तरी आधी हाच.

मी जनावरांचा डॉक्टर. माझी संस्था शहराच्या उत्तरेला आणि मी ज्यांच्यावर काम करत होतो त्या मगरी पार दक्षिणेला, आनेकलच्या पुढे एका पैदास केंद्रात. मध्ये अख्खं बंगळूर. जाऊन-येऊन दिवस संपायचा. कामाचा विषय असा होता की तो घरी सांगता येत नव्हता. नर मगरींच्या जननेंद्रियांची रचना आणि मोजमापं. आई नातेवाइकांना सांगायची, "मगरींवर संशोधन करतोय," आणि लगेच चहा घेणार का म्हणून विचारायची. अक्कांना मी सांगितलं, "मगरींची तब्येत बघतो."

"कसली तब्येत? दात?"

"दातही," मी म्हणालो.

केंद्रातली अडचण अशी होती. तिथे बारा फुटांचा एक नर होता. केंद्रातले लोक त्याला पैलवान म्हणत. त्याच्या तळ्यात पाच माद्या. चार वर्षं माद्या वाळूत खड्डे करून अंडी घालत होत्या आणि चारही वर्षं एकूण एक अंडं रिकामं निघत होतं. माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, यांचं मत होतं की माद्यांचं वय झालंय. त्या दुसरीकडे पाठवायच्या आणि नव्या आणायच्या. माद्या सांभाळणाऱ्या मुनियप्पांना हे कळल्यापासून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आमच्याबरोबर बसणं सोडलं होतं. पाचांतली सगळ्यात थोरली मादी त्यांनी वीतभर होती तेव्हापासून वाढवली होती. तिला ते अज्जी म्हणायचे. त्यांच्या हाकेला ती पाण्यातून वर यायची. दुसऱ्या कुणाच्या हाकेला आली तर चावायला यायची.

माझं काम फक्त अहवालाला जोडायच्या नराच्या आकृत्या आणि मोजमापं एवढंच होतं. फोटो घेतले होते, पण ओलं मांस फोटोत चकाकतं आणि त्यात काही दिसत नाही. म्हणून एका रविवारी मी टेबलावर बसून पेन्सिलने आकृती काढत होतो. अक्का पोह्यांची बशी घेऊन आत आल्या. मी घाईघाईने कागदावर वर्तमानपत्र टाकलं. अक्कांनी बशी ठेवली आणि वर्तमानपत्र उचललं.

त्या कागदावर वाकल्या. माझे कान तापले होते.

"अक्का, ते आपलं... मगरीचं..."

"काय आहे ते मला दिसतंय," अक्का म्हणाल्या. "मी बघतेय की हे कुठल्या बाजूने काढलंय. वरून की कडेने?"

"वरून."

"मग कडेची रेघ इथे का दिसते? आणि ही सावली कशाची? उजेड दोन्हीकडून येतोय का?" त्यांनी कागद लांब धरला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "फार वाईट काढलंयस रे. कोणी पाहिलं तर काय म्हणेल?"

मला वाटलं होतं त्या घर सोडायला सांगतील. त्यांनी मला पोहे बाजूला ठेवायला सांगितलं आणि माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढायला लावला.

त्यानंतर दोन महिने त्यांच्या बैठकीच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. संस्थेत एका म्हातारपणाने मेलेल्या नराचा अवयव बरणीत जपून ठेवलेला होता. तो मी परवानगी काढून घरी आणला. दारातच मला आठवलं की या घरात मांस-मच्छी चालत नाही.

"खायला आणलंयस?" अक्कांनी विचारलं.

"छे हो!"

"मग मांस कसलं? नमुना आहे. पण स्वयंपाकघरात नको."

बरणी बोर्डाशेजारी आली. अक्कांनी तिला 'पार्ट' म्हणायला सुरुवात केली. संस्कृत शब्द त्यांना उगीच लाजल्यासारखा वाटायचा आणि दुसरा शब्द रस्त्यावरचा. पार्ट म्हणजे पार्ट. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि मी आयुष्यात दिलेल्या सगळ्या परीक्षांमध्ये ती तोंडी परीक्षा सर्वांत अवघड होती.

"हा मेल्यावर कडक झालाय की औषधामुळे?"

"नाही, जिवंतपणीही असाच असतो. कायम ताठ. आत तंतूच तसे असतात."

"कायम?" अक्कांनी पेन खाली ठेवलं. "मग ठेवतो कुठे?"

"शेपटीच्या मुळाशी खालून एक फट असते. तिच्या आत. वेळ आली की स्नायू ढकलून बाहेर काढतात."

"आणि काम झालं की?"

"आपोआप आत जातो."

"रिट्रॅक्टेबल!" अक्कांचा चेहरा उजळला. "म्हणजे विमानाच्या चाकासारखं. तसं आधी सांगायचंस ना."

त्या अवयवाच्या पाठीवरून एक उघडी पन्हळ जाते. माणसासारखी आत नळी नसते, बीज या पन्हळीतूनच वाहत टोकापर्यंत जातं. अक्कांना ही पन्हळ फार आवडली. तिची खोली त्यांनी दर अर्ध्या सेंटिमीटरला मोजली आणि चार ठिकाणी आडवा छेद काढला. छेदांना नावं दिली. शाईची रेघ जरा जाड झाली की ब्लेडच्या कोपऱ्याने खरवडून पुन्हा ओढायची. मी एकदा म्हणालो, "अक्का, हे कॉम्प्युटरवर पटकन होतं." त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

गुरुवारी त्यांच्याकडे भजनाच्या बायका यायच्या. बोर्ड झाकायला अक्का विसरल्या, किंवा विसरल्या नसतील. एक बाई वाकून बघत म्हणाल्या, "अगंबाई, किती सुंदर! केळफूल का हो?"

"नाही," अक्का टाळ काढत म्हणाल्या. "नर मगरीचा पार्ट आहे. बसा, सुरू करू या."

त्या दिवशी पहिली दोन भजनं कोणाचीच सुरात लागली नाहीत.

निरोगी नराचं ड्रॉइंग झालं. ते बघून सरसुद्धा खुर्चीतून उठले. मग अक्कांनी पैलवानाचं काढायला घेतलं, माझ्या फोटोंवरून आणि मोजमापांवरून. तीन दिवस त्या बोर्डापुढे बसल्या आणि चौथ्या दिवशी मला हाक मारली.

"मी हे पुरं करणार नाही. डावी बाजू उजवीला जुळत नाही."

"म्हणजे?"

"पहिल्या पार्टची पन्हळ नाकासमोर जाते. याची दोन-तृतीयांशावर डावीकडे सरकते. पुढे कुठे जाते ते तुझ्या फोटोत नाही. नुसती चकाकी आहे. पुढचं मी काय, मनाने काढू?"

मी सरांना फोन केला. सर घाईत होते. माद्या पाठवायचं पत्र आठवड्यात जायचं होतं आणि आकृत्या त्याला जोडायच्या होत्या. ते म्हणाले, "अरे, फोटो तिरका आला असेल. पहिल्यासारखंच सरळ काढून टाकायला सांग त्यांना. पैलवान बघ ना केवढा आहे! त्याच्यात काय खोट असणार?"

मी अक्कांजवळ बसलो. "अक्का, दोन मिलिमीटरचा तर प्रश्न आहे."

अक्कांना रागावलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. आवाज चढला नाही, उलट अगदी खाली आला.

"मी नवी होते तेव्हा साहेबांनी एक जुनं ड्रॉइंग ट्रेस करायला दिलं. समोर खरा पार्ट ठेवला होता. त्याचं भोक मध्यावर नव्हतं, ड्रॉइंगमध्ये मध्यावर होतं. मी विचारलं, तर म्हणाले, 'बाई, तुमचं काम गिरवायचं.' मी गिरवलं. तीनशे पार्ट तसेच बनले आणि तीनशेही भंगारात गेले. चौकशी झाली तेव्हा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सही कोणाची होती? माझी." त्यांनी पेनाची टोपी लावली. "त्यानंतर मी डोळ्यांना दिसेल तेच काढते. मला तिथे ने. मी स्वतः बघते."

"अक्का, ती जिवंत मगर आहे. बारा फूट."

"मग काय? मी विमानाखाली झोपून मापं घेतलीयत."

बुधवारी आम्ही टॅक्सीने निघालो. अक्कांनी साडीवर कॅनव्हासचे बूट घातले होते, डोक्यावर उन्हाची टोपी. मांडीवर पिशवी, तिच्यात व्हर्नियर कॅलिपर, भिंग, छोटा बोर्ड आणि दडपे पोह्यांचा डबा. शहर ओलांडायला अडीच तास लागले. एका सिग्नलला त्या म्हणाल्या, "आपल्या मराठीत मगर ही बाईच. ती मगर आली, ती मगर गेली. नर म्हणायचं तर वेगळं सांगावं लागतं. मग काही बिघडलं की बाईकडेच बघणार ना लोक!" ड्रायव्हर कानडी होता म्हणून बरं.

केंद्रात मुनियप्पांनी आधी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. अक्का त्यांच्याशी कानडीत काय बोलल्या ते मला सगळं कळलं नाही, पण अज्जीचं नाव दोनदा आलं. मुनियप्पा दोर आणायला गेले.

पैलवानाला बाहेर काढायला सहा माणसं लागली. जबडा बांधला, डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं, फळीला दोरांनी आवळलं आणि सगळ्यांनी मिळून त्याला पाठीवर उलटा केला. अक्का तीन फुटांवर स्टुलावर बसल्या होत्या, बोर्ड गुडघ्यावर. मी हातमोजा चढवून शेपटीखालच्या फटीत बोटं घातली आणि अवयव बाहेर काढला. पैलवानाने एक लांब सुस्कारा सोडला. सहाही माणसं दोर धरून मागे सरली.

"हलू नको," अक्का म्हणाल्या.

"मी हलत नाहीये, अक्का."

"तुला नाही. त्याला."

त्यांनी भिंग लावलं. कॅलिपरने दोन मापं घेतली. "स्वल्प उजवीकडे फिरव. अजून. बस."

"अक्का, हा लेथवर लावलेला पार्ट नाही!"

"तुझ्याकडे बारीक रबरी नळी आहे ना? ती या पन्हळीत सरकव. हळू. मला बघू दे कुठे जाते."

नळी पन्हळीतून सरळ सरकत गेली. दोन-तृतीयांशावर ती डावीकडे वळली आणि अडली. मी जरा रेटलं, पुढे जाईना. बोटाने चाचपलं तेव्हा कळलं. टोकाचा डावा भाग कधीतरी फाटला होता आणि वेडावाकडा जुळून आला होता. जखमेवर जी कातडी धरली होती तिने पन्हळ पार बुजवून टाकली होती. बीज टोकापर्यंत पोचणारच नव्हतं. मागच्या वेळी हाच अवयव मी याच हातात धरला होता. पाच मिनिटांत फोटो काढून मोकळा झालो होतो.

"बुजलीय," मी म्हणालो.

"बुजलीय," अक्कांनी लिहिलं आणि शेजारी बाण काढला.

दोर धरून उभे असलेले मुनियप्पा एकदम बोलायला लागले. अक्कांनी मला सांगितलं ते असं. माद्या येण्याच्या आधी या तळ्यात आणखी एक नर होता. दोघांची एकदा अशी जुंपली की पाणी लाल झालं. दुसऱ्या नराला हलवलं. पैलवान पंधरा दिवस न खाता पडून होता, मग उठला. बरा झाला असं सगळ्यांनी धरलं. कुठे लागलं ते कोणी उलटून पाहिलं नाही. आणि मुनियप्पांना आजवर कोणी विचारलंही नव्हतं.

पैलवानाला पाण्यात सोडल्यावर अक्कांनी डबा उघडला. मुनियप्पा त्या दिवशी आमच्याबरोबर जेवले.

सरांबद्दल एक चांगलं सांगायला हवं. ड्रॉइंग बघून ते दुसऱ्या दिवशी स्वतः केंद्रात गेले, पुन्हा तपासणी केली आणि परत येऊन पत्र फाडलं. मग येलहंक्याला अक्कांना भेटायला आले. आल्यावर दारातच त्यांना चपला सरळ कराव्या लागल्या. "आमच्या लेखात तुमचं नाव चित्रकार म्हणून देतो," असं म्हणाले. अक्का म्हणाल्या, "चित्रकार नाही. ड्राफ्ट्समन."

पैलवानाचं काही वाईट झालं नाही. त्याला शेजारचं स्वतंत्र तळं मिळालं. तिथे तो दिवसभर तोंड उघडं टाकून उन्हात पडायचा, आणि लोकांना अजूनही तोच सगळ्यांत रुबाबदार वाटायचा. थंडीत माद्यांच्या तळ्यात एक तरुण, अंगाने किरकोळ नर सोडला. त्याची तपासणी सोडण्याआधी झाली. मार्चमध्ये एका दुपारी मुनियप्पांनी मला मोबाइलवर फोटो पाठवला. वाळूत उकरलेला खड्डा आणि त्यात अज्जीची अंडी. प्रत्येक अंड्याच्या मध्यावर पांढराशुभ्र पट्टा. अंडं फळलं की असा पट्टा उठतो. रिकाम्या अंड्यावर तो कधीच येत नाही.

मी धावत खाली जाऊन अक्कांना फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला. डोळे भरून आले होते, पण त्या म्हणाल्या, "पट्ट्याची रुंदी किती? माप घेतलंय का त्यांनी?"

माझं काम इथे संपलं होतं. अक्कांचं संपलं नव्हतं.

आमच्या भागातल्या मराठी महिला मंडळात दर महिन्याला एक व्याख्यान असायचं. एप्रिलमध्ये सांधेदुखीवर बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई येऊ शकल्या नाहीत आणि अक्का म्हणाल्या, मी बोलते. विषय कोणी विचारला नाही. सभागृहात त्यांनी दोन्ही ड्रॉइंगं, मोठी करून घेतलेली, दोरीवर चिमटे लावून टांगली आणि छडी घेऊन मला शेजारी उभं केलं. पन्नास बायकांत मी एकटा पुरुष. कुठे बघावं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी छताच्या पंख्याकडे बघत होतो.

पहिली दहा मिनिटं नुसतं खिदळणं चाललं होतं. पदर तोंडाला, कोपरखळ्या. 'रिट्रॅक्टेबल'ला तर एक आजीबाई उचकी लागून बाहेर गेल्या. अक्का जराही डगमगल्या नाहीत. त्यांनी पन्हळ दाखवली, छेद दाखवले, जखम दाखवली. मग छडी खाली ठेवली.

"चार वर्षं अंडी रिकामी," त्या म्हणाल्या. "या चार वर्षांत तपासण्या किती झाल्या? पाचही माद्यांच्या झाल्या. रक्त तपासलं, खाणं बदललं, वाळू बदलली, शेवटी त्यांना हाकलायचं ठरलं. नराची तपासणी किती वेळा झाली? एकदाही नाही, नुसते फोटो काढले. का? तर तो दिसायला धडधाकट होता." त्यांनी चष्मा काढला. "माझं एवढंच सांगणं आहे. प्रश्न असतील तर विचारा."

प्रश्न कोणी विचारला नाही. खिदळणं मात्र बंद झालं होतं.

सगळ्या चहाकडे वळल्यावर मी चिमटे काढत होतो. एक तिशीची बाई रिकामे कप गोळा करत अक्कांजवळ आली. ती मंडळाच्या खजिनदारबाईंची सून. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तिचे उपास, तिच्या तपासण्या, तिची औषधं, हे सगळं मंडळात सगळ्यांना पाठ होतं. तिने कप खाली ठेवले नाहीत.

"अक्का, ही नराची तपासणी... तो तयार कसा होतो?"

"मगरीच्या नराला सहा माणसं आणि दोर लागतात," अक्का म्हणाल्या. मग तिच्याकडे नीट बघून त्यांनी तिच्या हातातले कप घेतले. "तुझ्या नवऱ्याला माझ्याकडे पाठव. ड्रॉइंग बघायला बोलावलंय म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या आधी सासूबाईच आल्या. मी वर खोलीत होतो, तरी मला तिथपर्यंत ऐकू येत होतं.

"माझ्या मुलाची मगरीशी तुलना करता तुम्ही?"

"नाही हो," अक्का शांतपणे म्हणाल्या. "तुलना कशी करणार? मगरीने तपासून घेतलंय."

खजिनदारबाई पुढचे दोन महिने भजनाला आल्या नाहीत.

पण त्यांचा मुलगा आला. रविवारी दुपारी, एकटा. पीण्या या कारखान्यांच्या भागात त्याची लेथची छोटी शेड होती. उंचापुरा, रुंद खांद्यांचा, नखांत काळं ग्रीस. हेल्मेट हातात फिरवत खुर्चीच्या टोकावर बसला. मी उठून जायला लागलो तर अक्कांनी डोळ्यांनीच बसवलं. त्यांनी बायकोचा विषय काढला नाही, मुलाबाळांचा काढला नाही. दोन्ही ड्रॉइंगं त्याच्यापुढे टेबलावर पसरली.

त्याला ड्रॉइंग वाचायची सवय होती. आधी त्याने कोपऱ्यातलं स्केल बघितलं, मग छेद. एकावरून दुसऱ्यावर बोट फिरवत गेला आणि डावीकडच्या वळणावर थांबला.

"इथे अडलंय."

"हं."

"बाहेरून काही कळत नसेल."

"बाहेरून एकदम फर्स्ट क्लास," अक्का म्हणाल्या. "बारा फूट."

त्या वळणावरून त्याने बोट उचललं नाही. "दुरुस्त होतं हे?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पैलवानाचं नाही झालं, फार जुनं होतं. माणसांत पुष्कळदा होतं. आणि नाही झालं तरी काय आहे ते कळतं." मी जनावरांचा डॉक्टर, पण माणसांचा एक चांगला डॉक्टर माझ्या ओळखीत होता. त्याचं नाव मी कागदावर लिहून दिलं. त्याने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली.

"दुखतं का?"

हा प्रश्न त्याने मला विचारला होता. उत्तर अक्कांनी दिलं.

"अरे, तुला सहा जण धरणार नाहीत."

तो हसला. आधी नाकातून, मग चांगला मोठ्याने, खुर्ची हलेपर्यंत. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि ते पुसणं हसणं थांबल्यावरही थोडा वेळ चाललं. अक्का उठून खिडकीशी गेल्या आणि पडदा सरळ करत राहिल्या. तो आधीच सरळ होता.

जाताना त्याने अक्कांना वाकून नमस्कार केला. फाटकाबाहेर मोटरसायकलपाशी उभं राहून त्याने फोन लावला. खिडकी उघडी होती, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं.

"जेवलीस का? ... ऐक ना, उद्या मी शेड बंद ठेवतोय. डॉक्टरकडे जायचंय." पलीकडून ती काहीतरी बोलली असावी. तो मान हलवत होता, जणू ती समोरच उभी आहे. "नाही गं. तुला काही करायचं नाहीये. तू नुसती बाहेर बस. या वेळी आत मी जातो."